तोंड धुवायचं मशीन

मंगळवारी सकाळी माझी बहीण नांदेडला वारली. ती स्वयंपाकघरात पडली आणि दवाखान्यात पोचेपर्यंत तिचा श्वास थांबला होता. मी लातूरला ग्रंथालयात होते. तिची मुलगी क्लासमध्ये होती. मी तिला क्लासमधून बाहेर बोलावलं आणि आम्ही बसमध्ये बसलो.

अहमदपूरपर्यंत मी तिला मम्मीला दवाखान्यात नेलंय एवढंच सांगत होते. लोहा मागे पडल्यावर तिने खिडकीकडे तोंड करून विचारलं, "मावशी, मम्मी आहे ना?" मी तिचा हात धरला.

बहीण माझ्याहून सहा वर्षांनी लहान. मी एकटी राहते, लातूरच्या एका महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. तिची मुलगी दहावीनंतर मेडिकलच्या क्लाससाठी लातूरला आली, ती माझ्याकडेच राहिली. त्यामुळे बहिणीचा फोन रोज यायचा. आधी मुलीशी बोलायची, मग "अक्काला दे" म्हणायची. रविवारी दुपारी मात्र आधी माझ्याशी बोलायची, आणि ते बोलणं लांबायचं.

शेवटच्या रविवारी ती जळकोटच्या लग्नाबद्दल बोलत होती. आमच्या चुलत भावाच्या मुलीचं लग्न होतं. साडी कोणती नेसायची, तिथे फोटोवाला कसा सारखा तोंडासमोर येऊन उभा राहतो, असं काही बोलून झालं आणि मग तिने विचारलं,

"अक्का, ते तोंड धुवायचं मशीन माहीत हाय का तुला?"

"कसलं मशीन?"

"ब्रशच असतोय. चार्जिंगचा. तोंडावर धरला की गरगर फिरतोय. मोबाईल उघडला की त्याचीच जाहिरात येऊन राहिली."

"चेहऱ्याला ब्रश?"

"मला बी तसंच वाटलं. आमच्या घरात एक ब्रश दाताचा आन् एक टाइल्सचा. हा तिसरा कुठला?" ती हसली. "पण खरं सांग, घेण्यासारखा हाय का? का नुसतंच खूळ हाय?"

"वाचून सांगते."

"हाव, वाच. तू वाचून सांगूपर्यंत मी म्हातारी होते बघ."

ही थट्टा आमच्यात जुनी होती. कुणी काही विचारलं की मला लगेच उत्तर देता येत नाही. मिक्सर कोणता घ्यावा, मुलीला कोणता क्लास लावावा, गुडघ्याला कुठलं तेल लावावं, काहीही विचारा, मी आधी वाचते. बहीण म्हणायची, अक्काला पाणी मागितलं तर ती आधी विहिरीचा इतिहास वाचते. पण विचारायची मलाच. घरी तिच्याहून शिकलेली माणसं होती, नवरा शाळेत शिक्षक होता, तरी शेवटचा शब्द माझा असायचा. मला त्याचा आत कुठेतरी अभिमान होता.

मी समजले होते की ती मुलीसाठी विचारते आहे. लातूरला आल्यापासून मुलीच्या हनुवटीवर आणि गालांवर पुळ्या येत होत्या. आमच्याकडे बोअरचं पाणी जड आहे, त्याने साबणाला फेस येत नाही आणि तोंड धुतलं की कातडी ओढल्यासारखी होते. "तुमच्या पाण्यानं माझ्या पोरीचं तोंड बिघडलं," असं बहीण मला ऐकवायची. त्यामुळे तोंड धुवायचं मशीन कुणासाठी, हे मला विचारावंसंही वाटलं नाही.

सोमवारी मी वाचायला घेतलं. बारीक केस बसवलेले ब्रश वेगळे, रबरासारख्या मऊ सिलिकॉनचे वेगळे. केसांचा असेल तर त्याचं डोकं ठरावीक महिन्यांनी बदलायला हवं, नाहीतर ओलसर राहून त्यातच घाण धरते. वापरणाऱ्या बायकांनी लिहिलेलं वाचलं तर एकीचा चेहरा आरशासारखा झाला होता आणि दुसरीचा भाजल्यासारखा. ज्या तज्ज्ञांचं लिहिलेलं सापडलं ते सावधपणे बोलत होते. संध्याकाळी बहिणीचा मेसेज आला, "झालं का वाचून?" आणि पुढे हसणारं तोंड. मी ठरवलं, अर्धवट काही लिहायला नको, पूर्ण वाचून मगच सांगू.

मंगळवारी मेहुण्यांचा फोन आला तेव्हा माझ्यासमोर कॉम्प्युटरवर त्या ब्रशचंच पान उघडं होतं.

*

दहाव्याला आमच्याकडे बायकाही घाटावर जातात, पण मागे उभ्या राहतात. गोदावरीला पाणी बरं होतं. गुरुजींनी पिंड मांडला, सगळे मागे सरले. कावळे होते. पलीकडच्या झाडावर बसले होते, एक तर खाली उतरून चार पावलं चाललाही. पण पिंडाकडे आला नाही.

मेहुण्यांनी हात जोडले. "पोरीचं शिक्षण पूर्ण करीन. डॉक्टर करीन."

कावळा आला नाही.

"जळकोटच्या लग्नाला जाऊ आम्ही. तुझ्यामुळं लग्न अडवणार न्हाई कुणी," बहिणीची नणंद म्हणाली. ती रडत होती आणि पदराने ऊन अडवत होती. "वरची खोली बांधायची म्हणत होती की रे. ती बोल."

मेहुणे तेही बोलले. कावळ्याने मान वळवली आणि तो उडून परत झाडावर बसला. मागे कुणीतरी हळूच म्हणालं, माहेरचं काही राहिलं असेल. मग सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या.

नणंद जवळ आली. "अक्का, तुम्हाला रोज फोन करायची. काही बोलली का? काही मागितलं का तिनं? बारकं असलं तरी सांगा. बारक्यातच जीव अडकतो माणसाचा."

माझा कावळ्यावर विश्वास नाही. आधीही नव्हता, आजही नाही. पण मला त्या क्षणी दुसरं काहीच आठवेना. तिने विचारलेलं आणि मी उत्तर न दिलेलं असं एकच होतं. ते तिथे बोलायचं म्हणजे काय बोलायचं? पाण्याच्या काठाला उभं राहून, हात जोडून, तोंड धुवायचा ब्रश घेण्यासारखा आहे की नाही ते सांगते, असं? गुरुजी होते, मेहुण्यांच्या शाळेतली माणसं होती. मला लाज वाटली. कुणी हसेल याची नव्हे. बहिणीचा जीव एका चार्जिंगच्या ब्रशात अडकला असं लोक बोलतील, याची.

"नाही," मी म्हणाले. "काही बोलली नाही."

मुलगी माझ्या शेजारी उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि परत झाडाकडे पाहत राहिली. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला. असं होतं पुष्कळदा, ते म्हणाले, मनाला लावून घेऊ नका. परतताना नणंद मला म्हणाली, "काहीतरी राहिलंच हो तिचं. जाऊ द्या." ते तिने मला धीर द्यायला म्हटलं होतं.

*

लातूरला परतल्यावर आठवड्याभरात मी ब्रश मागवला. सगळं वाचून झालेलं नव्हतं. जो पहिला दिसला तो मागवला, केसांचा, निळा, वाटीएवढ्या डोक्याचा. आयुष्यात पहिल्यांदा मी न वाचता वस्तू घेतली.

पार्सल आलं तेव्हा मुलगी टेबलावर डोकं ठेवून बसली होती. परत आल्यापासून ती अशीच बसायची. पुस्तक उघडं असायचं, पान तेच असायचं. मी खोका तिच्यापुढे ठेवला.

"हे काय?"

"चेहऱ्याचा ब्रश. तुझ्या मम्मीने तुझ्यासाठी घ्यायला सांगितला होता."

बहिणीने विचारलं होतं, सांगितलं नव्हतं. हा फरक मला कळत होता. पण मला वाटलं, एवढं थोडं पुढे ढकलून सांगितलं तर काय बिघडतं. मुलीला आईकडून काहीतरी मिळेल. आणि मलाही घाटावर जे बोलता आलं नाही ते निदान घरात पूर्ण केल्यासारखं होईल.

तिने ब्रश हातात घेतला. "माझ्यासाठी?" असं विचारलं, आणि तिच्या आवाजात जे आश्चर्य होतं ते मी तेव्हा ऐकलं पण समजून घेतलं नाही. "हो," मी म्हणाले.

त्या दिवसापासून ती तो वापरायला लागली. सकाळी क्लासला जायच्या आधी आणि संध्याकाळी आल्यावर. बाथरूमच्या दारामागून भुंग्यासारखा आवाज यायचा. ऐकून मला बरं वाटायचं, हे लिहायला हवं. ती उठून तोंड धुते आहे, आईच्या वस्तूला हात लावते आहे, पुन्हा वेळच्या वेळी निघते आहे. टेबलावर डोकं ठेवून बसायची ती आता गणितं सोडवायला लागली होती. मी मनातल्या मनात बहिणीला म्हणायचे, बघ, घेण्यासारखाच होता.

पण चेहरा बिघडत चालला होता. आधी नुसता लाल दिसायचा. मग पुळ्या फुटून त्यावर खपल्या धरायला लागल्या, आणि ब्रशने त्या खपल्या निघून जायच्या. ती स्कूटीवरून जाताना लातूरच्या सगळ्या मुलींसारखा तोंडाला स्कार्फ बांधायची. तो आता क्लासमध्येही सोडत नाही, असं तिच्या मैत्रिणीने मला सांगितलं. घरी मी विचारलं की म्हणायची, आधी वाढतं आणि मग जातं, असं लिहिलेलं असतं. मीही तसं कुठेतरी वाचलं होतं. म्हणून गप्प राहिले.

एके दिवशी उशीच्या अभ्र्यावर रक्ताचे ठिपके दिसले तेव्हा मी तिला डॉक्टरांकडे घेऊन गेले. कातडीचे डॉक्टर, वयाने मोठे, बोलायला मोकळे. त्यांनी दिव्याखाली तिचा चेहरा धरला आणि विचारलं, "घासतेस कशाने?"

तिने ब्रशबद्दल सांगितलं.

"कुणी सांगितलं हे वापरायला?"

"मम्मीनं."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. "काय हो मॅडम, पिकलेल्या पुळीवर ब्रश फिरवायला सांगता लेकीला?"

मी तिची आई नाही, असं म्हणता आलं असतं. मुलगी खाली बघत होती. मी म्हणाले, "चुकलं."

"चुकलं म्हणजे काय, सगळेच घेतात. चेहरा साफ असेल, कातडी दणकट असेल, तर वापरा की हलक्या हाताने, एखाद दिवशी. त्याचं काही वाईट नाही. काही फार चांगलंही नाही. बोटांनी तेवढंच निघतं. पण हिच्यासारख्या चेहऱ्याला हे नकोच. बंद करायचं, आजपासून. कळलं का गं भावी डॉक्टर?"

तिने मान हलवली. औषध घेऊन आम्ही घरी आलो.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बाथरूममधून प्लास्टिकचा मग बादलीवर आपटल्याचा आवाज यायला लागला, उगीचच, पुन्हा पुन्हा. त्या आवाजाखाली तो भुंगा होता.

*

रविवारी दुपारी मी तुरीची डाळ निवडत बसले होते. बहिणीचा फोन यायची ती वेळ. मुलगीही येऊन समोर बसली, स्कार्फ गळ्यात होता. तिने माझ्या सुपातली मूठभर डाळ स्वतःकडे ओढली आणि निवडायला लागली.

"तू अजून ब्रश वापरतेस," मी म्हणाले.

"न्हाई."

"मला ऐकू येतं."

"मम्मीनं शेवटी मागवलेली वस्तू हाय ती. माझ्यासाठी. मी कशी ठेवून देऊ?" मग म्हणाली, "घाटावर कावळा आला नव्हता. ती तुला काही बोलली नव्हती, असं तू म्हणालीस. आन् घरी येऊन हे दिलंस. मला वाटलं, हेच राहिलं असेल तिचं. मी नाही वापरलं तर..."

तिने वाक्य पुरं केलं नाही. माझ्या हातातला खडा मी किती वेळ धरून बसले होते कोण जाणे.

"तिने घ्यायला सांगितलं नव्हतं," मी म्हणाले. "विचारलं होतं फक्त. घेण्यासारखा आहे का, एवढंच. मी वाचून सांगते म्हणाले, आणि सांगायचं राहिलं. तुझ्यासाठी घे असं ती म्हणाली, हे मी माझ्या पदरचं सांगितलं."

मला वाटलं ती चिडेल. चिडायला हवी होती. ती डाळीकडे बघत होती.

"कधी विचारलं होतं?"

"शेवटच्या रविवारी."

"जळकोटच्या लग्नाचं बोलणं चाललं होतं का?"

"हो."

"मावशी, ते तिनं माझ्यासाठी नाही विचारलं," मुलगी म्हणाली. "स्वतःसाठी विचारलं. तिच्या गालावर वांग होते ना."

मला वांग माहीत होते. मुलगी झाली तेव्हापासून बहिणीच्या दोन्ही गालांवर ते तपकिरी डाग होते. पण माहीत असणं एवढंच. तिने त्याबद्दल काही बोलल्याचं मला आठवत नव्हतं.

"तुला नाही बोलायची," मुलगी म्हणाली. "मला बोलायची. फोटोत मागं उभी राहायची ती त्यामुळंच. पदर असा धरायची गालावर. मला जाहिरात दाखवली होती तिनं. म्हणाली, अक्काला विचारते, पण माझ्यासाठी म्हणून सांगणार न्हाई, हसेल ती. या वयात काय नटायचं म्हणेल."

"मी हसले असते का?"

मुलीने विचार केला. "हसली नसतीस. वाचायला बसली असतीस."

मी सूप खाली ठेवलं. तो रविवारचा फोन मी कितीदा तरी मनात ऐकला होता, पण दर वेळी ब्रशपासून सुरू करायचे. त्याच्या आधीचं बोलणं, साडी, फोटोवाला तोंडासमोर येऊन उभा राहतो ते, मी धरलंच नव्हतं. तिने सगळं सांगितलं होतं. मी विचारायला हवं होतं, कुणासाठी गं? एवढं विचारायला काही वाचावं लागत नव्हतं. पण आईने विचारलं म्हणजे मुलीसाठीच, हे मी धरून चालले. घाटावर मेहुणे मुलीचं शिक्षण बोलले, नणंद वरची खोली बोलली. त्यांच्यात आणि माझ्यात काही फरक नव्हता.

"म्हणून तू 'माझ्यासाठी?' असं विचारलंस," मी म्हणाले.

"हाव. मला वाटलं, स्वतःचं सोडून तिनं मला घ्यायचं ठरवलं. ती करायची तसं." मुलीने नाक पुसलं, स्कार्फनेच. "मग मला वापरणं भागच होतं."

बाहेर कुणाच्या तरी घरी टँकर आला होता, पाइप ओढायचा आवाज येत होता. आम्ही डाळ निवडत राहिलो. निवडून झालेलीच पुन्हा निवडत होतो बहुतेक.

"तू काय सांगणार होतीस मग?" मुलीने विचारलं. "वांगाला चालतो का तो ब्रश?"

"नाही. वांग खोल असतात. घासून जात नाहीत. उलट घासून वाढतात म्हणे."

"म्हणजे घेऊ नको म्हणाली असतीस."

"हो. घेऊ नको म्हणाले असते."

"आन् मम्मी म्हणाली असती, अक्काला विचारून बी काही उपयोग न्हाई. आन् गुपचूप घेतला असता."

"आणि टाइल्सच्या ब्रशाशेजारी ठेवला असता."

ती हसली. हसताना हनुवटीवरची खपली ताणली गेली आणि तिने हात लावून तोंड वाकडं केलं. मी उठून डॉक्टरांनी दिलेलं मलम आणलं. तिने स्वतः लावून घेतलं, बोटाने, आरशात न बघता.

त्या संध्याकाळी तिने ब्रश धुतला, पुसला आणि खोक्यात घालून माझ्या कपाटात ठेवला. वांगावर डॉक्टर देतात ती औषधं असतात, उन्हात जाताना लावायची मलमं असतात, पूर्ण जात नाहीत पण फिके पडतात, हेही मी मग वाचलं. ते वाचायला मला फार वेळ लागला नाही. एका दुपारचं काम होतं.

जळकोटच्या लग्नाला आम्ही दोघी गेलो. फोटोवाला आला तेव्हा मुलीने स्कार्फ काढला. मी मागच्या रांगेत जात होते, तिने हाताला धरून पुढे ओढलं. त्या फोटोत माझा चेहरा मला बरा वाटतो, आणि बहीण पदराआड राहायची हे आठवून तसा वाटल्याचं मला बरं वाटत नाही.

आता मुलीच्या हनुवटीवर दोन डाग राहिले आहेत. ते तसेच राहतील असं डॉक्टर म्हणतात. ब्रश खोक्यात आहे. बहिणीचा शेवटचा मेसेज माझ्या फोनमध्ये आहे, "झालं का वाचून?", आणि त्याखाली मी काही लिहिलेलं नाही. रविवारी दुपारी मुलगी आणि मी घरी असतो.